क्रमांक चारशे सतरा

९ जानेवारी

चि. भाऊजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

नुसतं खुशालीचं पत्र नाही हे, तेव्हा चष्मा लावून बसा. फोन करून उपयोग नाही. तुम्हाला ऐकू येत नाही आणि ह्यांना दिसत नाही, मावसभाऊ शोभता अगदी.

तुमच्या दादांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. घड्याळांचं दुकान जूनमध्येच बंद केलं. एका बाईच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग दोनदा चिमट्यातून निसटली. तिसऱ्यांदा ह्यांनी प्रयत्नच केला नाही. घड्याळ तसंच परत दिलं, दुकानाला कुलूप लावलं आणि चालत घरी आले. मला वाटलं, जेवायला लवकर आले.

आता दिवसभर खिडकीपाशी बसतात. पुढ्यात ते तीन लाकडी ट्रे, मखमलीत गोल खाचा असलेले. एक फार्दिंगचा, म्हणजे पाव पेनीचा, एक अर्ध्या पेनीचा, एक पेनीचा. नाणं उचलतात, अंगठा फिरवतात आणि साल सांगतात. मी खाचेखालची चिठ्ठी बघून बरोबर की चूक ते सांगते. शंभरात दोन चुकतात. मी डोळे असून तेवढे चुकेन.

संध्याकाळी देवापुढचं आटोपलं की मी तुमचं निळं पुस्तक वाचून दाखवते. जुनी ब्रिटिश नाणी काय आणि ती कशी ओळखावी, हे मला मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. आता तिसरं पारायण चालू आहे. तर भाऊजी, रागावू नका, पण पुस्तकात चुका आहेत. मी वहीत टिपून ठेवल्यात. पान ३८ वर अर्ध्या पेनीचं वजन साडेसात ग्रॅम छापलंय. मी दुकानातला छोटा तराजू आणला, एका पारड्यात दोन फार्दिंग घातले, दुसऱ्यात अर्धी पेनी. काटा सरळ उभा राहिला. फार्दिंग तुम्हीच अडीच-पावणेतीनचं सांगता, मग अर्धी पेनी साडेसातची कशी होईल? पान ८८ वर चित्र बापाचं आणि नाव मुलाचं आहे. पान ११२ वर पाचव्या जॉर्जचं तोंड उजवीकडे म्हटलंय. ते ह्यांनीच पकडलं, अंगठ्याने. म्हणाले, “राजाने तोंड फिरवलं की भाऊने?”

अशा एकूण एकोणीस चुका आहेत. यादी सोबत जोडली आहे, कॅलेंडरच्या पाठीवर लिहिली म्हणून हसू नका.

अर्ध्या पेनीच्या ट्रेमधली ती एक खाच अजून रिकामीच आहे. तुमच्या पुस्तकातला क्रमांक ४१७. राणीची अर्धी पेनी, सालाच्या शेवटच्या आकड्यापुढे टिंब, ज्ञात नग तीन. एकतीस वर्षं झाली. रोज ह्यांचं बोट त्या खाचेत एकदा जाऊन येतं, दात पडल्यावर जीभ जाते तसं.

उत्तर पाठवा. तुमची पत्रं मीच मोठ्यांदा वाचते, अक्षर न् अक्षर. गाळत नाही, पदरचं घालत नाही. मागे तुम्ही माझ्या हातच्या चहाबद्दल जे लिहिलं होतंत, तेही मी जसंच्या तसं वाचलं होतं. तेव्हा जपून.

तुमची,
वहिनी

२४ जानेवारी

ती. दादा आणि ती. वहिनी यांस साष्टांग नमस्कार.

दादा, डोळ्यांचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. आपण दोघं शाळेतून येताना त्या म्हाताऱ्या पेन्शनराच्या ओट्यावर बसायचो, तो नाण्यांचा डबा उपडा करायचा आणि “जो आधी राणी शोधेल त्याला गोळी” म्हणायचा. सगळ्या गोळ्या तू खाल्ल्यास. मी राणी शोधण्याऐवजी डब्यातली नाणी किती, ते मोजत बसायचो. तेव्हाच कळायला हवं होतं की तू संग्राहक होणार आणि मी कारकून.

वहिनी, एकोणीसच्या एकोणीस चुका मान्य. ३८ वरची चूक खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची. पाच पूर्णांक सातचे आकडे उलटे बसले आणि पाच आवृत्त्यांत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोकांनी आपली खरी नाणी हलकी म्हणून टाकली असतील, देव जाणे. ८८ वरची छापखान्याची. ११२ वरची माझी स्वतःची. मी आधीच्या एका पुस्तकातून उतरवलं, त्याने त्याच्या आधीच्यातून. आमच्या धंद्यात असंच चालतं. एकाने पाय घसरून पडावं आणि मागच्यांनी वाट तीच समजावी.

सहावी आवृत्ती काढायचं चाललं आहे. तुम्ही तपासून दिलीत तर बरं होईल. पण चारशेच्या पुढच्या नोंदी इतक्यात वाचू नका. तो भाग घाईत झाला आहे. मी आधी नजर टाकतो आणि मग कळवतो.

चहाबद्दलचे शब्द मागे घेतो.

तुमचा,
भाऊ

१२ फेब्रुवारी

चि. भाऊजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र चारदा वाचून घेतलं ह्यांनी. पेन्शनरच्या गोळ्यांपाशी आले की म्हणायचे, “थांब, परत वाच.” हसले. जूननंतर पहिल्यांदा हसले, ही नोंद मी वहीत केली आहे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या मंगळवारी मखमलवाला आला होता. नाण्यांचा दलाल आहे, सगळा माल मखमलीच्या बटव्यात घालून आणतो म्हणून आमचं हे नाव. गोड बोलतो. मला “ताई” म्हणतो आणि पायपुसण्याला नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवतो. त्याने बटव्यातून एक डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “काका, चारशे सतरा.”

भाऊजी, ह्यांनी ती डबी दोन्ही हातांनी उचलली. मी छत्तीस वर्षं ते हात बघते आहे. घड्याळाच्या आतल्या चाकाला धक्का न लावता त्यावरची धूळ काढणारे हात.

डबी प्लॅस्टिकची, सीलबंद. उघडली तर भाव पडतो म्हणे. म्हणून ह्यांना अंगठा लावता आला नाही. मला म्हणाले, “तू बघ.” मी दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं आणि उजेडात धरलं. राणी आहे. साल आहे. शेवटच्या आकड्यापुढे टिंब आहे, राईच्या दाण्याहून बारीक. मी तसं सांगितलं. पुस्तकातली नोंद काढून एकेक शब्द ताडून पाहिला. सगळं जुळतं.

त्याला बदल्यात पेनीचा आणि फार्दिंगचा असे दोन्ही ट्रे हवेत. दोनशे बारा नाणी. मी म्हटलं, एका नाण्यासाठी? तर हे म्हणतात, “दिसेनासं व्हायच्या आत एक तरी ट्रे पुरा होऊ दे. तिन्ही अपुरे ठेवून काय करू?” पेनी आणि फार्दिंगही अपुरे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मला सगळं भरलेलंच दिसत होतं, न मिळालेल्या नाण्यांना तिथे खाचाच नव्हत्या.

माझं मन मात्र मागेपुढे होतं. ते ट्रे म्हणजे ह्यांचा दिवस आहे. सकाळी नऊला बसतात ते जेवायला उठतात. तुम्ही जाणकार. ह्या नाण्यासाठी एवढं द्यावं का, ते स्पष्ट लिहा.

वहिनी

१ मार्च

ती. दादा व वहिनींस सा. न.

कामाच्या रगाड्यात उत्तराला उशीर झाला. छापखान्याचा मालक रोज निरोप पाठवतो.

क्रमांक ४१७ बद्दल माझं मत असं, की घाई करू नये. असं नाणं अचानक बाजारात येत नाही. दलालाच्या डबीवर विश्वास ठेवू नये. दादा, इतकी वर्षं थांबलास, आणखी थोडं थांब. शक्य असेल तर हा व्यवहार नकोच. पेनीचा तुझा ट्रे फार सुंदर आहे, मी पाहिला आहे. माणसाने एखादी खाच रिकामी ठेवावी, दृष्ट लागत नाही.

इकडे थंडी गेली. गुडघे दुखतात.

भाऊ

१४ मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून संपलं आणि हे मोठ्याने म्हणाले, “बघितलंस? भाऊला स्वतःला हवंय ते.” मी म्हटलं, असं काय बोलता. तर म्हणाले, “अगं, पुस्तक लिहिणाऱ्याकडे नसेल तर त्याला जळजळ होणारच. लहानपणी गोळ्या मी खाल्ल्या, ते अजून विसरला नाही. नाहीतर ‘नकोच’ म्हणून कोण लिहितं? खोटं आहे म्हणाला का? नाही म्हणाला.” आणि इतके खूश झाले की विचारू नका. तुम्हाला हेवा वाटला, म्हणजे नाणं अस्सल, असा त्यांचा हिशेब.

मखमलवाल्याला १० एप्रिलला यायला सांगितलं आहे. मोडता घालायला मला कारण सापडत नाही. तुम्ही ‘नको’ म्हणता, पण का नको ते लिहीत नाही. नुसत्या ‘नको’ला ह्या घरात कधी किंमत नव्हती, मी सांगते.

म्हणून एकच विचारते आणि एकाच शब्दात उत्तर मागते. पुस्तकात ‘ज्ञात नग तीन’ लिहिलंय. त्या तिनांपैकी एक तरी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे का? हो किंवा नाही. दहा तारखेच्या आत यावं.

वहिनी

४ एप्रिल

ती. वहिनी,

हे पत्र मोठ्यांदा वाचू नका. दादा शेजारी असेल तर घडी घालून ठेवा आणि स्वयंपाकघरात जाऊन वाचा.

उत्तर ‘नाही’ असं आहे. मीच काय, कुणीच पाहिलेलं नाही. ते नाणं नाही. कधीच नव्हतं.

पहिली आवृत्ती निघाली तेव्हा दुसऱ्या एका प्रकाशकाने ती अख्खी उचलली. माझ्या चुकांसकट उचलली, पण “चुका सगळ्यांच्याच होतात” म्हणून सुटला. तेव्हा आमच्या छापखान्याच्या मालकाने युक्ती सांगितली. म्हणाला, दुसऱ्या आवृत्तीत एक नाणं मनाचं घाला. जगात नसलेलं. त्याने ते छापलं की चोर मुद्देमालासह सापडला. मी रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बसलो आणि दहा मिनिटांत ती नोंद लिहिली. राणीची अर्धी पेनी घेतली, टिंब दिलं. ‘ज्ञात नग तीन’ हे खरं वाटावं म्हणून घातलं. एक लिहिलं असतं तर कुणी शोधलं नसतं, दहा लिहिले असते तर कुणी किंमत दिली नसती. तीन बरोबर बसले.

तो पकडला गेला. नुकसानभरपाई दिली. पुढच्या आवृत्तीत नोंद काढायची होती. तोवर पत्रं यायला लागली होती. कुणी लिहिलं, माझ्या काकांकडे ४१७ होतं. कुणी झिजलेल्या नाण्यावरच्या मळाला टिंब समजून फोटो पाठवला. दुसऱ्या दोन पुस्तकांनी नोंद घेतली आणि आधाराला माझंच नाव दिलं. मग मला वाटलं, आता काढली तर लोक विचारतील, आणखी काय काय मनाचं आहे? माझ्याकडे ह्या एका पुस्तकाखेरीज काही नाही, वहिनी. बायको गेली, कान गेले. लोक मला त्या निळ्या पुस्तकाने ओळखतात. पुढच्या आवृत्तीत काढू म्हणत पाच झाल्या.

दादा शोधतो आहे हे मला तिसऱ्या आवृत्तीपासून ठाऊक होतं. भेटला की विचारायचा, “भाऊ, काही सुगावा?” मी म्हणायचो, “बघतो.” गंमत म्हणून पहिल्यांदा म्हणालो. नंतर गंमत राहिली नाही.

मखमलवाल्याने पुस्तक वाचून टिंब मारलं असणार. पुस्तकाशी जुळणारच. त्याने नाणं पाहून टिंब ओळखलेलं नाही, नोंद वाचून केलेलं आहे.

त्याला उंबऱ्यावरून परत पाठवा. दादाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझ्यात धाडस नाही.

भाऊ

२७ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र १७ तारखेला पोचलं. मखमलवाला १० तारखेला येऊन, चहा पिऊन, दोन ट्रे जुन्या चादरीत बांधून घेऊन गेला होता.

मी आधी टपालखात्याला बोल लावला. मग संध्याकाळी पाकीट उलटं करायला घेतलं. तुम्हाला माहीत आहे, मी पाकिटं वाया घालवत नाही, उकलून आतली बाजू बाहेर करते आणि पुन्हा चिकटवते. उकलताना शिक्का दिसला. पत्रावर तारीख चार. शिक्क्यावर तेरा. नऊ दिवस, भाऊजी. चार तारखेला टाकलं असतंत तर आठाला माझ्या हातात असतं. ते नऊ दिवस पत्र कुठे होतं? खिशात? का टेबलावर, पुस्तकाखाली? मी बाई हिशेबाची आहे. तुम्ही वेळेवर लिहिलंत हे मला दिसावं आणि वेळेवर पोचू मात्र नये, अशी ती तारीख आहे. दहा उलटून जाऊ दिलेत.

शिव्या येत नाहीत म्हणून देत नाही.

पत्र आलं तेव्हा हे समोरच होते. “भाऊचं ना? वाच.” मी ‘ती. वहिनी’ एवढं वाचलं आणि पुढची ओळ पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी मनाचं पत्र रचलं. थंडी गेली, गुडघे दुखतात, नाणं मिळाल्याबद्दल अभिनंदन. ह्यांनी विचारलं, “जळतोय का पण?” मी म्हटलं, “हो. थोडा.” हे समाधानाने मागे टेकून बसले.

दहापासूनचे दहा-अकरा दिवस ह्या घरात सणासारखे गेले. रोज डबीवरून हात फिरवायचे. पण अंगठ्याला प्लॅस्टिक लागायचं. २१ तारखेला मी देवापुढे बसले असताना कट् असा आवाज आला. चिमट्याने डबी फोडली होती. “भाव पडला तर पडू दे, मला कुठे विकायचंय.” नाणं हातात घेतलं आणि अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग टेबलावर ठेवलं.

म्हणाले, “टिंब मागाहून मारलंय. पंच वापरलाय. भोवती धातूची कडा उठलीय, केसाएवढी. घड्याळाच्या पत्र्यावर आपण भोक मारतो ना, तशी. टाकसाळीत असं होत नाही.”

ते टिंब भिंगातून मी पाहिलं होतं. माझ्या शब्दावर त्यांनी ट्रे दिले. मखमलवाल्याचा नंबर लागत नाही, आणि दिलेल्या पत्त्यावर कुणा भलत्याचंच शिंप्याचं दुकान आहे.

मला वाटलं, आता सांगून टाकावं. एवीतेवी मोडलेलंच आहे, एकदमच तुटू दे. मी नुसतं चाचपडत म्हटलं, “अहो, पुस्तकातच चूक असली तर? एकोणीस निघाल्या, विसावी ही असेल. असं नाणंच नसलं तर?”

खिडकीकडे वळले. मग म्हणाले, “मग एकतीस वर्षं मी काय करत होतो?”

हे मला विचारलं नव्हतं त्यांनी. खिडकीला विचारलं होतं. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रेला हात लावला नाही. नऊ वाजले, दहा वाजले, भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिसऱ्या दिवशी मी पलंगापाशी बसले आणि म्हटलं, “माझं काय ऐकता, मी मॅट्रिक. भाऊजी कशाला चुकीचं लिहितील?”

तेव्हा उठले. म्हणाले, “तेच म्हणतो मी. हे खोटं निघालं, म्हणजे खरं अजून कुठेतरी आहे. नसलेल्या नाण्याची नक्कल कोण करील? भाऊच्या पुस्तकात आहे म्हणजे आहे.”

हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

वहिनी

१० मे

ती. वहिनी,

पत्र नऊ दिवस माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. रोज टपालपेटीपर्यंत जात होतो. तुमचा तर्क खोटा म्हणवत नाही.

मी येतो. दादाच्या समोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगतो. आणि सहाव्या आवृत्तीतून ४१७ काढून टाकतो, खाली कबुलीची टीप देऊन. तुम्ही सांगाल तसं करीन. काढू नका म्हणालात तर काढणार नाही.

भाऊ

२० मे

भाऊजी,

येऊ नका. तुमचं मन हलकं होईल, पण आमच्याकडे ते ठेवायला जागा नाही.

नोंद मात्र काढा. टीपसुद्धा द्या, मोठ्या अक्षरात. आमच्यासारखं आणखी कुणीतरी कुठल्यातरी खिडकीपाशी बसलं असेल आणि त्याला धडधाकट डोळे असतील. त्याला वाचू दे. ह्यांना वाचून दाखवणारी मी आहे. ते माझ्याकडे लागलं.

आणि त्या एकोणीस चुका नीट दुरुस्त झाल्या का ते बघा. ११२ वरची विसरू नका.

वहिनी

३ डिसेंबर

भाऊजी,

सहावी आवृत्ती मिळाली. कागद बरा आहे. वजन दुरुस्त झालं, बाप-लेक आपापल्या जागी गेले, जॉर्जने तोंड फिरवलं. ‘चुका दाखवून देणाऱ्या वहिनींचे आभार’ ही ओळ छापायला नको होती. ती मी वाचून दाखवली नाही.

ह्यांना आता खिडकीचा उजेड तेवढा कळतो. पुस्तक हातात घेऊन हुंगलं, पानं मोजल्यासारखी फरफरवली आणि म्हणाले, “सुरुवातीपासून नंतर वाच. आधी चारशे सतरा.”

मी पान उघडलं. चारशे सोळा आहे. मग चौकटीत तुमची टीप आहे. सबंध अर्धं पान. तुम्ही चांगली लिहिली आहे, काही लपवलेलं नाही. त्यानंतर चारशे अठरा.

सकाळी मी देवापुढे बसले होते तेव्हा ठरवलं होतं, की जे छापलं आहे ते वाचायचं. अक्षर न् अक्षर. पुढचं त्याने बघावं. हे माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. रिकामे हात फार मोठे दिसतात, भाऊजी. एक ट्रे उरलाय, त्यातली नाणी दुपारी बाराच्या आत ओळखून संपतात.

मी टिपेवर बोट ठेवलं आणि तोंडाने जुनी नोंद म्हटली. पाठच आहे. राणीची अर्धी पेनी. सालाच्या शेवटच्या आकड्यापुढे टिंब. ज्ञात नग...

इथे थांबले. कसं कोण जाणे, थांबले. ह्यांनी मान पुढे केली आणि विचारलं, “तीनच अजून?”

मी म्हटलं, “चार.”

कुणी सांगितलं होतं मला एक वाढवायला? तीन म्हटलं असतं तरी भागलं असतं. तुम्हाला दहा मिनिटं लागली होती, मला तेवढीही लागली नाहीत. मी तुमच्यावर नऊ दिवसांचा हिशेब मांडला होता, तो आता कुठल्या तोंडाने मांडू? वहीत त्या दिवसाचं पान मी कोरं ठेवलं आहे. खोटी नोंद करवत नाही आणि खरी लिहवत नाही.

“चौथं सापडलं?” म्हणाले. “कुठे, दिलंय?”

मी म्हटलं, “ते दिलेलं नाही.”

बराच वेळ बोटांनी टेबलावर टकटक करत बसले. मग उठून चाचपडत दाराशी गेले आणि चपला भिंतीशी नीट जुळवून ठेवल्या. रविवारी जुन्या बाजारात जायचं म्हणतात. मी हात धरून न्यायचं, नाण्यांचे ढीग कुठे आहेत ते सांगायचं आणि एकेक नाणं त्यांच्या अंगठ्याखाली धरायचं. “भिंगावर भरवसा नाही,” म्हणाले, “माझ्या अंगठ्याला कळेल.”

भाऊजी, त्यांच्या अंगठ्याला खरंच कळेल. फसायचे नाहीत आता ते कधी. तेच वाईट.

तुम्ही दर आवृत्तीला पुस्तक पाठवता, ह्यापुढे पाठवू नका. मला वाचायला लागेल.

तुमची,
वहिनी